खरेदीखतावर तिसऱ्याची सही

घर विकणारा राजी आहे, घेणारा राजी आहे, किंमत दोघांना मान्य आहे आणि रक्कम बँकेतून चुकती व्हायची आहे, अशा व्यवहारात सरकारचे काम काय, असे विचारले तर मुद्रांक शुल्क घ्यावे आणि दस्त नोंदवून द्यावा, एवढेच बहुतेक जण सांगतील. बडोद्याच्या जुन्या शहरात हे उत्तर पुरत नाही. येथल्या बऱ्याच भागांत घर, दुकान किंवा नुसता गाळा विकायचा झाला तरी आधी कलेक्टरची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती नसेल तर झालेला व्यवहार कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरतो. १९९१ च्या या गुजरात कायद्याचे अधिकृत नाव फार लांबलचक आहे. लोक त्याला ‘अशांत धारा’ म्हणतात, म्हणजे दंगलीमुळे अशांत ठरवलेल्या भागांचा कायदा (गुजरातीत धारा म्हणजे कायदा), आणि मीही येथे तेच नाव वापरणार आहे.

माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. घरे तारण ठेवून कर्ज मागणाऱ्यांची कागदपत्रे तपासणे हे माझे काम होते. ज्या भागाला धारा लागू आहे तेथल्या मिळकतीच्या फाइलीत आधीच्या खरेदीखतांची साखळी, सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेच्या वेऱ्याची, म्हणजे कराची, पावती यांच्याबरोबर ही परवानगीही असावी लागे. ती आहे की नाही एवढे पाहणे हे कर्मचारी म्हणून माझे कर्तव्य होते. ती कशासाठी मागितली जावी आणि ती देताना सरकारने कोठवर विचारपूस करावी, हा प्रश्न नागरिकाचा आहे. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि सरकारची हद्द यांविषयी आपण मोठमोठ्या शब्दांत पुष्कळ बोलतो. ती हद्द प्रत्यक्षात कशी सरकते, हे या एका कायद्यात मला जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही, म्हणून हा लेख.

हा कायदा का आला हे विसरून त्याच्यावर बोलणे अन्यायाचे होईल. १९८० च्या दशकात गुजरातच्या शहरांत वारंवार दंगली झाल्या. अहमदाबादेत १९८५ साली सुरू झालेला हिंसाचार कित्येक महिने धुमसत राहिला, आणि बडोद्यातल्या माझ्या पिढीला त्या दशकातली संचारबंदी, दूध-भाजीसाठी मिळणारी तासा-दोन तासांची सवलत आणि रात्री गच्चीवर बसून दिलेले पहारे चांगले आठवतात. दंगल शमली की दुसरा अध्याय सुरू होई. ज्या वस्तीत जो समाज संख्येने थोडा, त्याच्या दारांवर दगड पडत, निनावी निरोप येत, आणि मग कोणीतरी हितचिंतकाच्या आवाजात सांगे की आता येथे राहण्यात अर्थ नाही, मिळेल ती किंमत घ्या आणि निघा. हे हिंदूंच्याही वाट्याला आले आणि मुसलमानांच्याही. वस्ती कोणाची यावर ते ठरे. अशा वेळी झालेल्या खरेदीखतावर दोन्ही पक्षांच्या सह्या असत, साक्षीदार असत, मुद्रांकही असे. नसे ती फक्त विकणाऱ्याची इच्छा. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९८६ साली पहिला कायदा झाला आणि १९९१ साली त्याची जागा आजच्या कायद्याने घेतली.

मूळ कायद्याने परवानगी देताना दोन गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या. विकणारा राजीखुशीने विकतो आहे का, ही पहिली. आणि त्याला वाजवी किंमत मिळते आहे का, ही दुसरी. हे दोन्ही प्रश्न मला मनापासून मान्य आहेत. दोन सज्ञान माणसांच्या करारात सरकारने कधीच पडू नये, असे म्हणणारे लोक तो करार शांततेत, बरोबरीच्या नात्याने होतो आहे असे गृहीत धरतात. करार करण्याच्या स्वातंत्र्यातच करार न करण्याचे स्वातंत्र्य आले. जिवाच्या भीतीने हे दुसरे स्वातंत्र्य हिरावले गेले की पहिल्यात काही उरत नाही. घाबरलेल्या माणसाला एका खोलीत बसवून, दार लावून, ‘तुम्हाला खरेच विकायचे आहे का’ असे विचारणारा अधिकारी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालीत नाही, तर ते त्याला परत मिळवून देतो. जंत्रीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मिळकतीच्या, दराशी किंमत ताडून पाहणे हाही त्याच कामाचा भाग आहे, कारण भीतीने विकलेले घर बहुधा मातीमोल विकले जाते आणि दस्तावरचा आकडाच त्या भीतीची साक्ष देतो.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी जुन्या शहरातल्या एका पोळीतले, म्हणजे चिकटून घरे असलेल्या अरुंद गल्लीतले, आपले घर काही वर्षांपूर्वी विकायला काढले. घर तीन मजली, पण रुंदी एका खोलीची. वर जायचा लाकडी जिना इतका उभा की धरायला मधोमध दोर टांगलेला. काका गेले होते, मुलगा पुण्यात स्थायिक झाला होता आणि काकूंचे गुडघे त्या जिन्याला जुमानत नव्हते. घेणारे कुटुंबही हिंदूच होते, त्यामुळे ज्या कारणासाठी धाऱ्याची नेहमी चर्चा होते ते कारण येथे नव्हते. परंतु त्या हद्दीतला प्रत्येक व्यवहार परवानगीला जातो. दोन्ही पक्षांची प्रतिज्ञापत्रे झाली, फोटो लागले, ओळखपत्रे जोडली गेली, किंमत जंत्रीपेक्षा बरीच वर होती. काकूंनी स्वतः जाऊन सांगितले की घर मी माझ्या मर्जीने विकते आहे. कायद्याचे दोन्ही प्रश्न येथे संपले होते.

त्यानंतर चौकशी सुरू झाली. एक हवालदार पोळीत आला, समोरच्या घराच्या ओट्यावर बसला आणि आजूबाजूच्या घरांतल्या कर्त्या पुरुषांना बोलावून एकेकाचा जबाब घेऊ लागला. माणूस सभ्य होता, काकूंनी दिलेला चहा त्याने घेतला, कोणाला दरडावले नाही. तो प्रत्येकाला एकच विचारीत होता, ‘‘आ मकान वेचाय एमां तमने कोई वांधो छे?’’ हे घर विकले जाण्याला तुमची काही हरकत आहे का? चौघांनी हरकत नसल्याचे सांगून सह्या केल्या. पाचव्या गृहस्थांनी मात्र विचार करून सांगतो म्हटले. काकूंनी घर विकायला काढले तेव्हा हेच गृहस्थ सर्वांत आधी आले होते आणि त्यांनी देऊ केलेली किंमत इतकी कमी होती की काकूंनी विषय तेथेच थांबवला होता. आता त्यांच्या एका सहीवाचून फाइल पुढे सरकेना. ते पुन्हा येऊन गेले, त्या किमतीचा विषय त्यांनी पुन्हा काढला, मग दोन घरांमधल्या पन्हाळीच्या पाण्याची जुनी तक्रार काढली, आणि अखेर काकूंनी स्वखर्चाने पन्हाळीचा नळ दुसऱ्या बाजूला वळवून दिल्यावर त्यांची हरकत संपली. परवानगी मिळाली, पण मधल्या महिन्यांत घेणाऱ्यांचे कर्जाचे मंजुरीपत्र जुने झाले आणि त्यांना नव्याने सारे करावे लागले.

या प्रसंगात कोणी लाच घेतली नाही, कोणी धमकी दिली नाही, आणि तरीही जे घडले ते मला फार गंभीर वाटते. कमी किमतीत घर लाटले जाऊ नये म्हणून केलेल्या कायद्याने, कमी किंमत देऊ पाहणाऱ्या माणसाच्या हातात काकूंना अडवण्याचे साधन दिले. ते साधन त्याला कायद्याच्या शब्दांतून मिळाले नव्हते. शेजाऱ्याची संमती घ्यावी असे मूळ कलमात कोठेही म्हटलेले नाही. चौकशी करण्याचा अधिकार दिला, की चौकशी कोणाची आणि कशाची हे हळूहळू प्रथेने ठरू लागते, आणि दोन प्रश्नांच्या मागून एक तिसरा प्रश्न आत शिरतो: आजूबाजूच्यांना हे चालेल का? पहिले दोन प्रश्न विकणाऱ्याच्या बाजूने विचारलेले आहेत. तिसरा प्रश्न त्याच्या घराचा मालकीहक्क पोळीत वाटून टाकतो.

हे केवळ माझे मत नाही. २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाने एका निकालात हेच सांगितले, आणि तो खटला बडोद्यातल्याच एका दुकानाचा होता. विकणारे हिंदू होते, घेणारे मुसलमान. या विक्रीमुळे त्या भागातल्या दोन समाजांच्या संख्याबळाचा तोल बिघडेल आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल, असा पोलिसांचा अभिप्राय आला आणि परवानगी नाकारली गेली. न्यायालयाने तो नकार रद्द केला; संमती खरी आहे का आणि किंमत वाजवी आहे का, यांपलीकडे जाऊन परवानगी अडवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यानंतर हा निकाल मागे घ्यावा म्हणून शेजारच्या लोकांनी अर्ज केले, ते २०२३ साली न्यायालयाने खर्चाचा बोजा टाकून फेटाळले. निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला खरा, पण रीतसर पैसे मोजून घेतलेल्या दुकानासाठी एका माणसाला वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहावे लागले, हे त्या निकालाइतकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विधानसभेने मात्र न्यायालयाच्या उलट दिशा धरली. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, जिला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींची संमती मिळाली, लोकसंख्येचा समतोल आणि एका समाजाच्या लोकांचे एका जागी होणारे अयोग्य एकत्रीकरण अशा कल्पना कायद्यात आणल्या आणि उल्लंघनाची शिक्षा तीन ते पाच वर्षांच्या कैदेपर्यंत नेली. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले आणि २०२१ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने तिच्यातल्या काही तरतुदींखाली नव्या अधिसूचना काढण्यास अंतरिम मनाई केली. समतोल हा शब्द ऐकायला निर्दोष आहे. परंतु एखाद्या पोळीत कोणत्या समाजाची किती घरे असली म्हणजे समतोल राहिला, हे ठरवण्याचे माप कोणाजवळ आहे? असे माप कोणी ठरवलेच, तर त्या क्षणापासून घर विकणारी विधवा, निवृत्त शिक्षक, धंदा वाढवू पाहणारा शिंपी ही माणसे उरत नाहीत. ती एका किंवा दुसऱ्या रकान्यातली संख्या होतात, आणि त्यांच्या आयुष्यातले निर्णय त्या रकान्याच्या सोयीने होऊ लागतात.

शेजाऱ्यांची हरकत किती भयंकर असू शकते, याचा दाखला बडोद्याच्याच इतिहासात आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरमध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला आले. राज्याने त्यांना शिकवले होते, राज्यानेच त्यांना नोकरी दिली होती, आणि शहरात राहण्यास राज्याची कसलीही मनाई नव्हती. तरी त्यांना घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तेथून निघून जायला लावले. राहण्याची दुसरी सोय संस्थानच्या कारभाऱ्यांकडून झाली नाही. ज्या दोन मित्रांकडे ते आशेने गेले त्यांनीही असमर्थता दाखवली. त्या दिवशी आजच्या सयाजीबागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचा काळ काढला आणि मुंबई गाठली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

व्यक्तिस्वातंत्र्याविषयी विचार करताना मी या घटनेकडे पुन्हा पुन्हा येते, कारण सरकार जितके दूर तितका माणूस मोकळा, हा सोपा हिशोब तिच्यापुढे टिकत नाही. १९१७ साली त्या धर्मशाळेत सरकार पूर्णपणे दूरच होते. आंबेडकरांचे स्वातंत्र्य हिरावले ते काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी, आणि त्याआधी ‘तुम्ही कोण’ असे विचारून दार लावणाऱ्या साऱ्या शहराने. त्या वेळी राज्याने पुढे होऊन, हा आमचा अधिकारी आहे आणि तो येथेच राहील, असे बजावले असते तर तो सरकारचा अतिरेक ठरला नसता. सरकारने किती करावे यापेक्षा ते कोणाच्या बाजूने उभे राहते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जमावापुढे एकट्या माणसाच्या बाजूने उभे राहणे ही त्याची हद्द आहे आणि कर्तव्यही आहे. एकट्या माणसापुढे जमावाची हरकत कागदावर उतरवून घेणे हे त्या हद्दीच्या बाहेरचे आहे. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना, या मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले याबद्दल आंबेडकरांनी समाधान व्यक्त केले, तेव्हा गावाची आणि पोळीची एकजूट एकट्या माणसाला काय करू शकते हे त्यांनी स्वतः भोगलेले होते.

येथे कोणी विचारील की सयाजीरावांनी तर लोकांच्या घरात किती तरी हस्तक्षेप केला, त्याचे काय? खरे आहे. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले; मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होई. १९०४ साली त्यांनी बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, १९३१ साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क दिला. आमच्या घरांत या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि सांगितल्या जाव्यातही, पण त्यांत सरकारी बळाचा वापर होता हे मान्य करूनच सांगितल्या जाव्यात. मी त्या कायद्यांच्या बाजूची आहे, कारण मुलाला शाळेत घालायचे की गुरांमागे पाठवायचे, हा निर्णय घेण्याचे बापाचे स्वातंत्र्य म्हणजे मुलाचे स्वातंत्र्य नव्हे. सात वर्षांच्या मुलीला कोणी विचारीतच नव्हते. राज्याने तिला पुढे विचार करता यावा, एवढी तजवीज केली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती, आणि गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात तशा शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचेच उदाहरण त्यांच्या हाताशी होते. ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले. साऱ्या देशात शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलात यायला २०१० साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रात तर हा वाद त्याहूनही आधी आणि फार कडवटपणे झालेला आहे. १८९१ साली संमतीवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा केले, तेव्हा परकीय सरकारने आमच्या घरात शिरू नये, ही टिळकांची भूमिका होती, आणि परसत्तेखाली जगणाऱ्या समाजाला त्या भूमिकेचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होते. आगरकर विरुद्ध बाजूला उभे राहिले. या वादात मला निर्णायक वाटते ती त्याच्या थोडी आधीची रखमाबाईंची हकीकत. लहानपणी लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही आणि आपण त्या माणसाकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले, तेव्हा १८८७ साली न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. सरकार घरात शिरले होतेच; ते नवऱ्याचा हात धरून शिरले होते, आणि त्या शिरण्याविरुद्ध सनातन्यांपैकी फारशी कोणी तक्रार केली नाही. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेत व राजकोटात स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ काम केले.

मात्र सयाजीरावांच्या कायद्यांची स्तुती करताना एक गोष्ट राहून जाते. ते राज्य त्यांचे होते. कायदा चुकला तर तो रद्द करून घेण्यासाठी रयतेला जाण्याजोगे दार नव्हते. महाराज विचारी होते म्हणून कायदे चांगले झाले. चांगला राज्यकर्ता लाभणे हे भाग्य असेल, पण ती सरकारची मर्यादा नव्हे. मर्यादा ती, जी राज्यकर्ता बदलला तरी जागेवर राहते. आणि लिहिलेली मर्यादाही ढासळू शकते, हे आपण १९७६ च्या एप्रिलमध्ये पाहिले आहे. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला आपली अटक बेकायदेशीर आहे असे म्हणत न्यायालयात येता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दिला. त्या चारांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, त्या वेळी तो जुना निकाल मोडीत काढणारे निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी लिहिले होते. मुलाने वडिलांचा निकाल चुकीचा ठरवावा, हे आपल्या न्यायव्यवस्थेविषयी आदर वाढवणारे आहे. पण चुकीची दुरुस्ती व्हायला एकेचाळीस वर्षे गेली.

२०१७ च्या त्या निकालातून सरकारी हस्तक्षेपासाठी जी कसोटी पुढे आली, ती वकिलांपुरती राहू नये असे मला वाटते. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, त्यामागचा हेतू रास्त हवा, आणि त्या हेतूला जेवढा लागतो तेवढाच हस्तक्षेप हवा. अशांत धारा या कसोटीला लावून पाहा. भीतीने होणारी विक्री रोखणे हा हेतू रास्त आहे. विकणाऱ्याला एकांतात विचारणे आणि किंमत तपासणे हे त्या हेतूला पुरते. शेजाऱ्याचा जबाब त्या हेतूला लागतच नाही. उलट ज्या दबावापासून विकणाऱ्याला वाचवायचे, तोच दबाव त्यामुळे रीतसर फाइलीत येऊन बसतो.

दारूबंदीचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण गुजरातमध्ये स्वातंत्र्याची चर्चा निघाली की ती प्रथम तिच्यावरच येते. १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा गुजरातने राज्य स्थापन झाल्यापासून कडक ठेवला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या मद्यार्कयुक्त औषधांविषयीच्या आणि आणखी काही तरतुदी रद्द केल्या, बाकीचा कायदा टिकला. घरात बसून कोणाला त्रास न देता पिणाऱ्या सज्ञान माणसाला गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही. वस्त्यांमधल्या कितीतरी बायका बंदीच्या बाजूने असतात, आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. पण त्यांना छळते ती नवऱ्याची मारहाण आणि पगार उधळणे, आणि मारहाणीची फिर्याद घेऊन त्या ठाण्यावर जातात तेव्हा ती लिहून घेण्याची तत्परता दिसावी, हे सरकारचे पहिले काम आहे. बंदी असूनही २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि २०२२ साली बोटाद भागात चाळीसहून अधिक माणसे विषारी दारूने मेली.

धाऱ्याविषयी मी असे बोलते तेव्हा माझे मोठे दीर अस्वस्थ होतात. त्यांनी जुन्या शहरात राहून सगळी संचारबंदी सोसली आहे. त्यांचे म्हणणे असे की ही अडकाठी काढली तर एक घर जाईल, मग दुसरे, आणि दहा वर्षांत पोळीत जुने एकही माणूस उरणार नाही. शिवाय मंदिर, गणपती, सणावाराची वर्गणी, हे सारे माणसांवरच चालते. त्यांच्या बोलण्यातली भीती खोटी नाही आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. परंतु पोळ टिकावी म्हणून काकूंनी गुडघे दुखत असताना तो जिना चढत राहावे, असे कोणीही उघडपणे म्हणणार नाही. परवानगी अडवली की मात्र नेमके तेच होते. आपल्या लोकांनी राहावे असे वाटत असेल तर पोळीतली गटारे, पाणी आणि गाडी लावायची जागा यांसाठी महापालिकेशी भांडावे लागेल, कारण तरुण मंडळी वाघोडिया रोड किंवा गोत्रीसारख्या नव्या वस्त्यांत जातात ती मुख्यतः याच कारणांनी. आणि दंगलीची भीती असेल तर ती घालवण्याचा मार्ग दंगेखोरांना शिक्षा होणे हाच आहे. धारा लागू होऊन तीन दशके उलटली. तरीही बडोद्यात कोणती वस्ती कोणाची, हे आज कोणताही रिक्षावाला डोळे मिटून सांगतो. ज्या मिश्र वस्तीच्या राखणीसाठी हा कायदा आहे असे सांगितले जाते, तिची राखण त्याने केलेली नाही.

दिरांना मी जे सांगते तेच येथे लिहिते. कायदा सरसकट रद्द करा असे माझे म्हणणे नाही. उद्या पुन्हा दंगल झाली तर घाबरलेल्या माणसाला त्याच्या पहिल्या दोन प्रश्नांची गरज लागेल. विकणाऱ्याला अधिकाऱ्यापुढे एकटे बोलवावे, घेणारा, दलाल आणि शेजारी यांपैकी कोणीही त्या वेळी खोलीत नसावे, आणि त्याचे म्हणणे तेथेच त्याच्या सहीने नोंदवावे. शेजाऱ्यांचे जबाब घेणे बंद करावे. नकार द्यायचा असेल तर संमती खरी नाही की किंमत वाजवी नाही, यांपैकी कोणते कारण आहे ते पुराव्यासह लिहून द्यावे, आणि ठरलेल्या दिवसांत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे समजले जावे. राहता राहिला प्रश्न अधिसूचनेचा. कायद्याने एखादा भाग अशांत ठरतो तो तेथल्या दंगलीची तीव्रता आणि तिचा काळ पाहून. मुदत संपत आली की मात्र ती बहुधा वाढवली जाते आणि दंगल कधी झाली होती हे कोणी विचारीत नाही. गेल्या मुदतीत जेथे दंगल झाली नाही तो भाग यादीतून आपोआप वगळला जावा, आणि तो पुन्हा यादीत घालायचा असेल तर सरकारने विधानसभेत उभे राहून त्या भागाच्या नावानिशी कारण सांगावे.